कॅप्टन भारी खेळतो, म्हणून?

प्रिय ताई,

मी मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीसाठी पुण्यात. लॉकडाऊनमध्ये आम्ही चार मित्रांनी पबजी या गेमसाठी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सर्व्हर, म्हणजे आमचा ग्रुप, काढला. पबजी बंद झालं, मग बीजीएमआय आलं, आता जास्त करून व्हॅलोरंट चालतं. मेंबर हजाराच्या वर गेलेत. रोज रात्री तीस-चाळीस जण व्हॉइसवर असतात.

आमच्या टीमचा कॅप्टन माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्यासारखा एम (नेम) सर्व्हरवर कोणाचा नाही. पण तोंड फार सुटतं. लॉबीत मुलीचा आवाज आला की "ताई, पोळ्या झाल्या का?" आणि मग त्याच्याही खालचं. नवीन पोराला आधी आडनाव विचारतो, आणि तो राउंड हरला की "टीममध्ये कोट्यातून आलास का रे?" सगळे हसतात. मीही हसलोय. गेल्या महिन्यात एक मुलगी सर्व्हर सोडून गेली. व्हॅलोरंटमधलं सायफर हे पात्र फार छान खेळायची. जाताना मला एकच ओळ लिहिली, "तू ऑनलाइन होतास."

तेव्हापासून मॉड्सच्या, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या, ग्रुपमध्ये वाद चालू आहे. दोघं म्हणतात, गेमिंगमध्ये हे चालतंच, ज्याला त्रास होतो त्याने म्यूट करावं. एक म्हणतो, पॉलिसी टाकू. मी एका मोठ्या इंग्लिश सर्व्हरची पॉलिसी कॉपी करून टाकली, पण कोणी वाचली नाही. जास्त कडक झालो तर सर्व्हर मरेल अशी भीती वाटते. त्यात पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, कॅप्टन गेला तर टीम फुटेल. काय करू? (मला "तू"च म्हणा.)

— एक ॲडमिन

प्रिय ॲडमिन,

तू विचारलंयस पॉलिसीबद्दल, पण अर्धं पत्र कॅप्टनने खाल्लंय. इथेच घोडं पेंड खातंय. नियम काय लिहायचे हे तुला कळत नाही असं मला वाटत नाही. ते पहिल्यांदा कोणाला लावावे लागणार हे तुला नीट कळलंय, म्हणून तू मला पत्र लिहिलंस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे चालू आहे तोवर तुझी पॉलिसी मराठीत असो की इंग्लिशमध्ये, कोणी वाचणार नाही. लोक नियम वाचून सर्व्हर ओळखत नाहीत. कॅप्टन बोलला तेव्हा ॲडमिनने काय केलं, ते बघतात.

आधी "गेमिंगमध्ये हे चालतंच" याचं बघू, कारण तुझ्या त्या दोन मॉड्सना ही फार जुनी, ठरलेली गोष्ट वाटते. जुना तर वादसुद्धा आहे. १९९३ साली, ग्राफिक्स नाही, व्हॉइस नाही, पडद्यावर नुसती अक्षरं असायची त्या काळात, लॅम्डामू नावाचं एक ऑनलाइन जग होतं. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या एका कॉम्प्युटरवर ते चालायचं. तिथल्या सार्वजनिक दिवाणखान्यात एकाने छोटासा प्रोग्राम वापरून इतरांची पात्रं आपल्या ताब्यात असल्यासारखी दाखवली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या नावाने किळसवाणे लैंगिक प्रकार लिहीत बसला. ज्यांच्या नावाने हे झालं त्या बायका खऱ्या होत्या, दूरच्या शहरांत आपापल्या घरी कीबोर्डसमोर बसलेल्या, आणि त्यांना झालेला त्रासही खरा होता. आता गंमत बघ. तिथल्या ॲडमिन मंडळींनी काहीच महिने आधी जाहीर केलं होतं की, आम्ही फक्त तांत्रिक बाजू सांभाळू, तुमची भांडणं तुम्ही मिटवा. मग सभा झाली, तासन् तास चर्चा झाली, आणि ठरलं काहीच नाही. शेवटी एका ॲडमिनने स्वतःच्या जबाबदारीवर ते खातं उडवलं. त्यानंतर तिथला प्रमुख पावेल कर्टिस याने लोकांनी अर्ज करायचा आणि मतदानाने निर्णय घ्यायचा अशी व्यवस्था आणली. ज्याला काढलं तो मात्र काही दिवसांनी दुसऱ्या नावाने परत हजर! ऑल्ट अकाउंट तुमच्या पिढीने शोधलेलं नाही.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण तीन दशकांपूर्वीच्या त्या लोकांचा आणि तुमच्या मॉड ग्रुपचा प्रश्न एकच आहे. आम्ही फक्त सर्व्हर चालवतो, असं म्हणून बाजूला होता येतं का? त्यांना नाही आलं.

आता म्यूट. "त्रास होतो त्याने म्यूट करावं" हे ऐकायला फार समजूतदार वाटतं. व्हॅलोरंटमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. कॅप्टनला म्यूट केलं की "बी वर तिघं, स्पाइक खाली पडलाय" हेही ऐकू येत नाही. मग ती मुलगी चुकीच्या साइटवर एकटी उभी राहते, मरते, आणि चॅटमध्ये कोणीतरी लिहितं, "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणजे शिवी दिली एकाने, हरल्याचं खापर दुसरीवर, आणि दोन्हींची सोय तुमच्या त्या समजूतदार सल्ल्याने केलेली. बऱ्याच मुली याच्याही पुढचं करतात. माइक लावतच नाहीत, नाव मुलाचं घेतात. तुझ्या त्या तीस-चाळीस जणांत कायम माइक बंद असणारे किती आहेत, ते एखाद्या रात्री बघ. सगळे काही लाजाळू नसतात.

आणि हा "मुली जास्त मनाला लावून घेतात" असा प्रकार नाही. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी हेलो ३ या गेममध्ये एक साधा प्रयोग केला होता. तेच खेळणं, तीच आधी रेकॉर्ड केलेली निरुपद्रवी वाक्यं, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, कधी नुसतं गप्प. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या किंवा गप्प बसण्याच्या साधारण तिप्पट वाईट बोल ऐकायला मिळाले. नुसतं "हाय एव्हरीबडी" म्हटल्यावरसुद्धा. त्याच गेमवरच्या २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट दिसली. बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडत होते ते कमी कौशल्याचे खेळाडू. चांगलं खेळणारे त्या मानाने बरं वागत होते. तुझा कॅप्टन टॉपला आहे, त्यामुळे त्याला हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण त्याच्या मागून जे हसतात, त्यांच्या रँक एकदा काढून बघ. मला उत्सुकता आहे.

पॉलिसीकडे येते. तू इंग्लिश सर्व्हरची उचललीस ती का चालली नाही, तर तिच्यात तुझ्या व्हॉइस चॅनेलवर रात्री अकरा वाजता जे घडतं त्यातलं काही नसणार. तिच्यात वंश असेल, वर्ण असेल. "आडनाव काय रे?" हे नसेल. आपल्याकडे आडनाव विचारणं हा काही गुन्हा नाही, एसटीत शेजारी बसलेले आजोबाही विचारतात. पण गेमच्या लॉबीत, जिथे सगळे 'शॅडो' नाहीतर 'गोट्या४७' अशा नावाने वावरतात, तिथे नव्या पोराचं आडनाव कशाला हवं असतं हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. उत्तर यायला जो अर्धा सेकंद लागतो ना, त्यात तो पोरगा खरं सांगू की दुसरंच काही सांगू, याचा हिशोब करत असतो. कोट्याचा "जोक" त्यानंतर येतो, आणि तो आडनाव कळल्याशिवाय करता येत नाही. म्हणून तुझ्या सर्व्हरवर पहिला नियम हाच हवा, आणि तो साध्या मराठीत. डिस्कॉर्डच्या स्वतःच्या द्वेषविरोधी नियमांतही जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे "हे कसलं राजकारण आणतोस गेममध्ये" असं कोणी म्हणालं तर ज्या घरात तुम्ही बसलायत त्या घराचाच नियम दाखव.

दुसरीकडे, सगळ्या शिव्या बंद करायला जाऊ नकोस. क्लच, म्हणजे शेवटी एकट्याने ओढत आणलेला डाव, हुकल्यावर माणूस "आयला" म्हणणार, त्याच्या पुढचंही म्हणणार. कोल्हापूर-सांगलीकडे तर प्रेमाने हाक मारतानाही काय काय म्हणतात ते मी तुला सांगायला नको. ते बंद केलंस की लोक तुझ्या नियमावर हसतील, आणि हसता हसता बाकीचे नियमही गुंडाळून ठेवतील. नशिबाला, पिंगला, स्वतःच्या नेमाला दिलेली शिवी एक, आणि समोरच्याचं बाईपण, जात, धर्म, गाव, अपंगत्व, बायकी चालणं-बोलणं धरून मारलेली शिवी दुसरी. "बायल्या", "छक्का" हे दुसऱ्यात येतात, कितीही हसत म्हटले तरी. "भैय्या" आणि "घाटी" सुद्धा, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यावरून. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सबॉक्ससाठी स्ट्राइकची पद्धत आणली तेव्हा हाच फरक आकड्यांत मांडला. साध्या शिवीगाळीला एक स्ट्राइक, छळाला दोन, द्वेषाच्या बोलण्याला तीन. आठ झाले की वर्षभर बाहेर, आणि प्रत्येक स्ट्राइक सहा महिन्यांनी पुसला जातो. हे शेवटचं मला आवडलं. तुमच्या सर्व्हरला आठाची उतरंड लागणार नाही, तीनात भागेल. पण वजन वेगवेगळं आणि मुदत ठरलेली, हे दोन्ही घे.

मी लिहिला असता तर मजकूर साधारण असा झाला असता:

"इथे खेळावर बोला, खेळणाऱ्याच्या जातीवर, धर्मावर, बाई-पुरुष असण्यावर, शरीरावर, गावावर नाही. आडनाव, फोटो, इन्स्टा, नंबर मागायचा नाही. समोरच्याने स्वतःहून दिला तर तो त्याचा प्रश्न. हरल्यावर शिवी निघाली तर निघाली, ती माणसावर टाकायची नाही. 'मस्करी होती' हे उत्तर धरलं जाणार नाही. पहिल्या वेळी सांगू, दुसऱ्या वेळी आठवडाभर टाइमआउट (बोलणं-लिहिणं बंद), तिसऱ्या वेळी बाहेर. धमकी, कोणाचे फोटो किंवा पत्ता पसरवणं, लहान मुलांशी घाण बोलणं, याला पहिलीच वेळ शेवटची. हे ॲडमिन, मॉड आणि टीमचे खेळाडू यांनाही लागू."

एवढंच. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावलं पाहिजे. शेवटचं वाक्य गाळू नकोस, सगळ्यात आधी लोक तेच वाचतील.

पण नुसत्या शिक्षेवर भिस्त ठेवू नकोस. लीग ऑफ लेजंड्स बनवणाऱ्या रायट कंपनीने, म्हणजे तुमच्या व्हॅलोरंटवाल्यांनीच, यात बरीच वर्षं घातली. २०११ ते २०१४ च्या आसपास त्यांनी खेळाडूंकडूनच खटले चालवून पाहिले, तक्रार आलेल्याचं चॅट लोकांनी वाचायचं आणि दोषी की माफ ते ठरवायचं. त्या काळात त्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट तुझ्या उपयोगाची आहे. कायम घाण बोलणारे मूठभरच होते, आणि त्या सगळ्यांना उचलून बाहेर टाकलं तरी प्रश्न सुटत नव्हता. बराचसा त्रास एरवी नीट वागणाऱ्यांकडून येत होता, ज्यांचा त्या दिवशी डाव फिसकटलेला होता. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. समोरच्या टीमशी बोलायचं चॅट मुळात बंद ठेवलं, हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. वापर जवळपास तेवढाच राहिला, वाईट बोलणं मात्र तीस टक्क्यांहून जास्त उतरलं. कोणाला बॅन नाही, उपदेश नाही.

तुझ्या सर्व्हरवर अशी बटणं शोध. मला एक माहीत आहे. आपल्याकडच्या कित्येक सर्व्हरांवर आत येताच "मुलगा / मुलगी" असा रोल निवडायला लावतात. नाव लगेच गुलाबी होतं, आणि पाच मिनिटांत सहा जणांचे "हाय" डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये. तुझ्याकडे हा रोल असेल तर आज काढून टाक. त्याच्या जागी रोल खेळाचे ठेव, ड्युएलिस्ट, सेंटिनल, रँक काय, रात्री किती वाजता असता. नव्या मेंबरच्या स्वागताच्या मेसेजमध्येच लिही की, या सर्व्हरवरच्या लोकांचे डीएम बंद कसे करायचे. जनरल व्हॉइसला पुश-टू-टॉक सक्तीचं कर. बटण दाबून बोलायचं म्हटलं की निम्मी बडबड आपोआप गळते. सांगणाऱ्याला हे फार किरकोळ वाटतं, राहणाऱ्याला नाही.

डिस्कॉर्डचं ऑटोमॉड, म्हणजे ठरलेले शब्द आपोआप अडवणारी सोय, २०२२ पासून आहे, ते जरूर लाव, पण त्याच्यावर विसंबू नकोस. तयार याद्या मुख्यतः इंग्लिश शिव्यांच्या. आपली पोरं मराठी शिवी रोमन लिपीत लिहितात, तीही प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने, मध्ये तारा टाकून, आकडे घालून, निम्मी हिंदी मिसळून. त्यातही "कोट्यातून आलास का" या वाक्यात पकडण्यासारखा शब्दच नाही. "पोळ्या झाल्या का" मध्ये तर मुळीच नाही. घरी आई रोज विचारते. यादीला शब्द कळतात, सूर कळत नाही. आणि व्हॉइस तर ते ऐकतच नाही. डिस्कॉर्डने २०२४ पासून व्हॉइस कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करायला घेतलेत, म्हणजे तिथे काय बोललं गेलं ते कंपनीलाही मागून ऐकता यायचं नाही. व्हॅलोरंटच्या आतलं व्हॉइस रायट तपासू लागली, पण सुरुवात झाली ती उत्तर अमेरिकेत, इंग्लिशपासून. सांगलीच्या बोलीची पाळी येईपर्यंत तुम्ही आजोबा व्हाल. तेव्हा कान माणसाचेच लागणार. तुमचेच.

म्हणून तक्रार कशी घ्यायची हे नियमांपेक्षा महत्त्वाचं. सध्या तुमच्याकडे तक्रार करायची म्हणजे जनरलमध्ये सगळ्यांसमोर लिहायचं, नाहीतर कॅप्टनच्या बालमित्राला, म्हणजे तुला. कोण करेल? तिकिटाचा बॉट, म्हणजे तक्रार नोंदवून घेणारा छोटा प्रोग्राम, लाव, तक्रार थेट मॉड्सकडे खासगीत जाऊ दे, आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याचा जवळचा मित्र त्या निर्णयात बसणार नाही असं ठरवून टाक. कॅप्टनच्या बाबतीत तू बाहेर. मी हे तुझ्यावर अविश्वास म्हणून म्हणत नाही. तुझ्यावरचं ओझं उतरतं. एखादी मुलगी मॉड हवी का? हवी, पण "मुलींच्या तक्रारी तू बघ" असं करून महिला कक्ष उघडू नकोस. तिला स्क्रिम, म्हणजे सरावाचे सामने, लावू दे, टीम निवडू दे. बाकी मॉड्सनी तक्रारी ऐकायला शिकावं.

व्हॉइसवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही, म्हणून मॉडने तिथल्या तिथे वेळ आणि वाक्य लिहून ठेवायचं. चॅनेलवर आणखी कोण होतं त्यांना वेगवेगळं विचारायचं, ग्रुपमध्ये नाही. खोट्या तक्रारी येतील ही भीती तुझे ते दोन मॉड घालतीलच. येतील एखादी. दोघांना विचारलं की कळतं. आणि शिक्षा देताना माणसाला त्याचंच वाक्य दाखव, तारखेसकट. रायटच्या लोकांचा अनुभव असा की, नुसतं बॅन करण्यापेक्षा तू काय म्हणालास ते समोर ठेवून बॅन केलं की सुधारणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. "टॉक्सिक बिहेवियर" म्हटल्यावर प्रत्येकाला दुसराच कोणीतरी आठवतो. स्वतःचं वाक्य वाचल्यावर पळवाट राहत नाही.

आता तुझा बाब्या.

त्याच्याशी बोलायचं ते व्हॉइसवर नाही, ग्रुपवर नाही. सुट्टीच्या दिवशी सांगलीला गेलास की भडंग आणि चहा घेऊन समोर बस. मॉड म्हणून नंतर कोणीतरी दुसरा निर्णय कळवेल, मित्र म्हणून तू आधी सांग. "लोकांना वाटतं की तू..." अशी सुरुवात करू नकोस, लोकांच्या आडून बोललास की तो लोकांची नावं विचारेल. तू स्वतः काय ऐकलंस ते सांग. "त्या पोराला तू आडनाव विचारलंस, मग कोटा काढलास. मी तिथे होतो. मी हसलो. परत हसणार नाही, आणि परत झालं तर तू कॅप्टन राहणार नाहीस." एवढं बोललास की थांब. तो आधी मस्करी म्हणेल, मग शाळेतले किस्से काढेल, मग "माझ्यामुळे सर्व्हर आहे" म्हणेल. त्या तिसऱ्या वाक्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य कर. वाद घालू नकोस.

झालेल्या गोष्टींसाठी आत्ताच टाइमआउट द्यावा का? नियम नव्हता तेव्हाच्या बोलण्याला शिक्षा देऊ नये, असं माझं मत. पण कॅप्टनपद ही शिक्षा नाही, जबाबदारी आहे. ते स्पर्धा होईपर्यंत दुसऱ्याकडे द्यायला कोणताही नियम आड येत नाही. खेळू दे त्याला. खेळताना कॉल, म्हणजे काय करायचं त्या सूचना, दुसरा कोणी देईल. नियम लागल्यावर पुन्हा घसरला तर मात्र आठवडा म्हणजे आठवडा, स्क्रिम असो नाहीतर फायनल. (डिस्कॉर्डचा टाइमआउट अठ्ठावीस दिवसांपर्यंत देता येतो, पण महिनाभर बाहेर ठेवलेला माणूस दुसरा सर्व्हर काढतो. आठवडा पुरे.) तो दुसऱ्या नावाने परत आला तर? आवाज ओळखाल की तुम्ही. नीट वागत असेल तर मी तरी दुर्लक्ष करेन.

एक गोष्ट मात्र नुसत्या सर्व्हरच्या नियमांवर सोडू नकोस. धमकी, पाठलाग, बदललेले फोटो, अठराखालच्या मुलामुलींशी लैंगिक बोलणं, हे तुमच्या तीन पायऱ्यांच्या बाहेरचं आहे. तिथे स्क्रीनशॉट जपायचे, काही डिलीट करायचं नाही, आणि त्या व्यक्तीला पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायला मदत करायची. स्त्रिया आणि मुलांबाबतच्या काही तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. बाईचा अपमान करणारे शब्द आणि ऑनलाइन पाठलाग, दोन्ही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. लहान मुलं असतील तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. जातीवरून जाहीर अपमान केला तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो, आणि इंटरनेटवर टाकलेला मजकूरही लोकांच्या नजरेत येतो असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलेलं आहे. तुमचा व्हॉइस चॅनेल त्यात बसतो की नाही हे कोर्ट ठरवेल. तू ठरवायला जाऊ नकोस, आणि "आपसांत मिटवू" असंही कोणाला म्हणू नकोस. तुझ्या सर्व्हरवर बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत की नाहीत? डिस्कॉर्डची वयाची अट तेराची आहे, आणि आवाज फुटायच्या आतले दोन-चार जण प्रत्येक सर्व्हरवर असतातच. मोठ्यांचं व्हॉइस चॅनेल वेगळं कर.

सर्व्हर मरेल म्हणतोस. मरतो तो कसा, तेही बघ. कॅप्टनचे दोन दोस्त जातील तेव्हा जनरलमध्ये मोठं भाषण टाकून जातील, दार आपटून. ती मुलगी एक ओळ लिहून गेली, आणि तिच्याआधीचे काहीच न लिहिता गेले असतील. पहिल्या प्रकारचे दिसतात, दुसऱ्या प्रकारचे मोजावे लागतात. सर्व्हर इनसाइट्स, म्हणजे डिस्कॉर्डवरचं सर्व्हरच्या आकडेवारीचं पान, उघड आणि नवे आलेल्यांपैकी आठवड्यानंतर किती जण टिकतात ते बघ. तो आकडा तुझ्या मॉड्सना दाखव, माझं पत्र दाखवू नकोस.

त्या मुलीला लिहायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. लिही, एकदाच. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. मी ऐकत होतो आणि गप्प बसलो. आता हे नियम केलेत, कॅप्टन बदललाय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." परत ये म्हणू नकोस, साक्ष दे म्हणू नकोस, आणि तिने उत्तर दिलं तर त्याचा स्क्रीनशॉट मॉड ग्रुपमध्ये टाकू नकोस. नियम आधी लावायचे आणि मग लिहायचं. उलटं केलंस तर ती नुसती माफी होईल.

राहिली स्पर्धा. राखीव खेळाडू किती ठेवता येतात आणि नावं कधीपर्यंत बदलता येतात, ते आयोजकांच्या नियमावलीत आजच बघ. आत्तापासून आठवड्यातले दोन स्क्रिम सहाव्या खेळाडूला घेऊन खेळा, आणि कॉल देणारा बदला. पहिले काही सामने वाईट जातील. वर्तणुकीबद्दलचं कलम त्या नियमावलीतही बहुतेक असेल. भडंग खायला जाशील तेव्हा त्याची एक प्रिंट खिशात असू दे.

तुझी,
ताई